जिन्यातले झगे

"अहो, थांबलात काय? चढा की!" काकू वरच्या वळणावरून ओरडल्या. "जिन्यात उभं राहू नका म्हणून सगळ्या जगाला सांगता, आणि स्वतः बघा!"

जिनामास्तर पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून वर बघत होते. त्यांच्या डोक्यावर झगे टांगलेले होते. तेही उलटे. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत आडव्या दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांना खालपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत पांढरे, गुलाबी, फिकट निळे नेटचे झगे लटकत होते, अंगाचा घट्ट भाग खाली आणि घेर वर. काकूंना ते बघून हसू आलं होतं. जिनामास्तरांना नाही.

त्यांनी आधी झगे मोजले. सव्वीस. मग जिन्याची रुंदी नजरेने मापली. तीन फूट, जेमतेम. कठडा लाकडी, पायऱ्या लाकडी. मग त्यांनी नाक वर करून वास घेतला. खाली रंगाचं दुकान होतं आणि पहिल्या मजल्यावर त्याच दुकानाचं गोदाम. टर्पेंटाइनचा वास अख्ख्या जिन्यात भरून राहिला होता.

अग्निसुरक्षा खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढून ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. जिनामास्तर हे नाव कचेरीतल्या मंडळींनी ठेवलेलं. इमारत दोन मजली असो की बारा मजली, हा माणूस गच्चीपर्यंत पायी चढणार, दुखरा गुडघा चोळत चढणार, आणि मगच कागदाला हात लावणार. घरीही तीच तऱ्हा. हॉटेलात खोली घेतली की आधी दारं मोजायची. नाटकाला गेलं की दाराजवळची, कडेची खुर्ची. गेल्या एकोणीस वर्षांत काकूंनी एकही सिनेमा मधल्या रांगेत बसून पाहिला नव्हता. "आमच्या ह्यांचा स्वभावच भित्रा," असं त्या चारचौघांत हसत सांगायच्या, आणि जिनामास्तर ते निमूट ऐकून घ्यायचे. स्वभाव म्हटलं की पुढे कुणी कारण विचारत नाही.

दोघं निघाले होते मुलीकडे, नव्या नातीला बघायला. वाटेत बसच्या इंजिनाचा पट्टा तुटला. ड्रायव्हर म्हणाला, तीन वाजेपर्यंत काही हलत नाही, गाव फिरून या. गाव म्हणजे दोन रस्ते आणि एक पाण्याची टाकी. पण दुसऱ्या रस्त्यावर एक चिमुरडी पळत गेली, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात रिबिनींनी अडकवलेले दोन सपाट बूट, आणि काकू तिच्या मागे. रंगाच्या दुकानाशेजारच्या दारावर पाटी होती: बॅले नृत्यवर्ग, दुसरा मजला. खाली खडूने लिहिलं होतं: वार्षिक कार्यक्रम, आज दुपारी साडेतीन.

आत शिरण्याआधी जिनामास्तरांनी सवयीने इमारतीला एक फेरी मारली. मागच्या बाजूला लोखंडी जिना होता, थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत, आणि वर एक दार. ते बघून त्यांना जरा बरं वाटलं होतं.

आता ते चढू लागले. डोक्याला नेट घासत होतं. पहिल्या वळणावर एक साठीची बाई छोट्या टेबलावर रिबिनींना इस्त्री करत होती. इस्त्रीची वायर वरून, पायऱ्यांवरून, तीन जोड घेत खाली आली होती. इस्त्रीपासून हातभर उंचीवर एक गुलाबी घेर हलत होता.

"ती आधी बंद करा," जिनामास्तर म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा चढला.

"काय बंद करू?"

"इस्त्री. प्लग काढा. आत्ता."

"अहो, मावशींवर काय ओरडताय?" काकू म्हणाल्या. गावात येऊन पंधरा मिनिटं झाली नव्हती, तेवढ्यात त्यांना मावशी मिळाल्या होत्या. "मावशी, लक्ष देऊ नका हो. ह्यांना देवघरातल्या निरांजनाचीसुद्धा भीती वाटते."

मावशी हसल्या, पण इस्त्री त्यांनी उभी करून ठेवली. प्लग काही काढला नाही. कपडे शिवणं आणि सांभाळणं हे वर्गातलं त्यांचं काम होतं. पंचवीस वर्षं त्या हेच करत होत्या.

"हे असे उलटे का टांगलेत?" जिनामास्तरांनी विचारलं.

"सरळ टांगले तर पडतात. एकेका झग्याला दहा-दहा, बारा-बारा थर नेट असतं. महिनाभर सरळ राहिला तर सगळे थर खाली बसतात, नाचणारी पोर ओल्या कोंबडीसारखी दिसते. उलटा टांगला की घेर ताठ राहतो. याला टुटू म्हणतात."

"टुटू!" काकूंना ते फारच आवडलं. "नातीला हाक मारायला बरं आहे."

"पण जिन्यातच का?"

"मग कुठे? एवढी उंची दुसरीकडे कुठे आहे? जिना नाहीतरी मोकळाच असतो."

जिना मोकळाच असतो. हे वाक्य त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलं होतं. पोती ठेवणाऱ्यांकडून, सायकली ठेवणाऱ्यांकडून, आणि एकदा खोकी ठेवणाऱ्याकडून. ते वर गेले.

हॉल लांबट होता. फळ्यांची जमीन, एका भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडा, कोपऱ्यात बंद पडलेला पियानो, ऐंशी-नव्वद खुर्च्या मांडलेल्या. दहा-बारा मुली दांड्याला धरून एक पाय मागे उचलत होत्या. त्यांच्या बाई पस्तिशीच्या असतील, हातात यादी, कानामागे पेन्सिल. दाराशी आग विझवायचा लाल सिलिंडर उभा होता आणि कुणीतरी त्याच्या गळ्यात कागदी फुलांचा मुकुट अडकवला होता. जिनामास्तरांनी मुकुट काढून काटा पाहिला. काटा शून्यावर होता.

मग त्यांनी मागचं दार शोधलं. मागची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत आरशाची होती. दार नव्हतंच. लोखंडी जिना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, वरचं दारही पाहिलं होतं. ते आरशावर बोटाने टकटक करत चालत गेले. चौथ्या तुकड्याशी आवाज पोकळ आला.

"काय शोधताय काका?" बाईंनी विचारलं.

"इथे दार होतं."

"हो, आरशाच्या मागे आहे. मध्ये दार आलं की पोरींना अख्खी ओळ दिसत नाही हो. चौथ्या नंबरवर जी उभी राहील ती वर्षभर स्वतःला अर्धीच बघायची. म्हणून झाकून टाकलं."

"म्हणजे खाली जायला तो एकच जिना."

"एकच. का?"

दीड वाजला होता. साडेतीनला या हॉलमध्ये मुली धरून सव्वाशे माणसं असणार, वर गरम दिवे लागणार, खाली टर्पेंटाइनचे डबे, आणि मधल्या एकुलत्या एका वाटेवर सव्वीस नेटचे झगे. नेट कसं पेटतं ते जिनामास्तरांनी पाहिलं होतं. ते जळत नाही, ते नाहीसं होतं आणि त्याचे पेटते थेंब खाली पडतात. आपण इथले कुणी नाही, तीन वाजता आपली बस आहे, गप्प खाली उतरावं आणि जावं, असं त्यांना अगदी खरोखर वाटलं. आणि असं वाटल्याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

त्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातलं जुनं ओळखपत्र बाईंसमोर धरलं आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "मी अग्निसुरक्षा निरीक्षक आहे. जिना रिकामा झाल्याशिवाय कार्यक्रम होणार नाही."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मुलींचे उचललेले पाय एकेक करून खाली आले.

"साहेब, असं नका करू," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "वर्षभर घासल्यात हो पोरी. आमच्याकडे कागद आहे. गेल्याच वर्षी तुमच्याच खात्याचे साहेब आले होते, जिना मोकळा म्हणून सही करून गेले."

"ते वर आले होते?"

"नाही. खाली दुकानात बसले होते. म्हणाले, ठीकच असेल, आणा इकडे कागद."

तेवढ्यात जिनामास्तरांच्या मागून वर आलेल्या मावशींनी चष्मा सारखा करून ओळखपत्र हातात घेतलं. बारीक टाके बघणारी नजर ती.

"साहेब, याची मुदत संपून चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या.

कुणीतरी मुलगी फिसकन हसली. बाईंच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि त्याबरोबर रागही. "काका, तुमचं वय बघून मी काही बोलत नाही. पण पोरींना घाबरवू नका. या तुम्ही."

जिनामास्तर बाहेर आले. कठडा धरून एक वळण उतरले आणि इस्त्रीच्या टेबलापाशी, पायरीवर, मटकन बसले. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. इस्त्रीचा प्लग त्यांनी वायर ओढून जोडापासून काढला, तेवढंच.

मावशी रिबिनी न्यायला मागोमाग आल्या. त्यांना या माणसाची कीव आली असावी. "एवढं काय मनाला लावून घेता? तुमचं काय जातंय यात?"

"टायपिंगचा वर्ग होता," जिनामास्तर म्हणाले. ते मावशींकडे बघत नव्हते, इस्त्रीकडे बघत होते. "असाच दुसरा मजला. असाच एक जिना. मी तपासायला गेलो होतो. गुडघा दुखत होता. मालक म्हणाला, साहेब, बसा खाली, मी कागद आणतो. मी सही केली. जिना मोकळा, असं लिहिलं. अकरा दिवसांनी आग लागली. जिन्यात खोकी होती. तीन मुली खाली आल्या नाहीत."

मावशींच्या हातातल्या रिबिनी तशाच राहिल्या.

"चौकशी झाली. घरी मी काही कळू दिलं नाही. मालक म्हणाला, खोकी नंतर ठेवली. मी सुटलो. लोक म्हणाले, तुमचा काही दोष नाही. पण मावशी, मी सही केली त्या दिवशी तिथे खोकी होती की नव्हती, ते मला माहीतच नाही. मी चढलोच नव्हतो." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "साधा गुडघा दुखत होता हो. चढता आलं असतं."

वरच्या पायऱ्यांवर काहीतरी पडलं. काकू उभ्या होत्या. लाल सिलिंडरवरून काढलेला तो कागदी मुकुट त्यांच्या हातून निसटला होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, त्याला वळसा घालून खाली उतरल्या आणि रस्त्यावर निघून गेल्या.

जिनामास्तर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं जी भीती त्यांनी जिवापाड सांभाळली होती, तिच्यातली मोठी भीती हीच होती, की काकूंना हे कळेल.

दहा मिनिटांनी काकू परत आल्या. एका हातात मोठी बॅग, दुसऱ्या हातात नातीसाठी घेतलेल्या कपड्यांची पिशवी, आणि दम लागलेला.

"सामान उतरवून आणलं," त्या म्हणाल्या. "सहाची बस आहे. ती पकडू. मावशी, चला, सांगा बघू, कुठला झगा कुठे ठेवला तर मरत नाही?"

मावशींनी एकदा वर झग्यांकडे पाहिलं, एकदा खाली बसलेल्या माणसाकडे. मग पदर खोचला.

"सगळे एका जातीचे नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पंचाईत."

"जाती सांगा," जिनामास्तर म्हणाले आणि उठले. खिशातली जुनी वही काढली.

पहिली जात ताटलीची. पुस्तकात पॅनकेक म्हणतात, मावशी ताटली म्हणत. कमरेपासून आडवा, ताठ, आतल्या थरात तारेची रिंग. "रिंग आहे ना? मग उलटे करून एकावर एक रचता येतील?" "येतील, पण वर वजन नको." अकरा ताटल्या पियानोच्या झाकणावर दोन चळतींत गेल्या. दुसरी जात लांब, पोटरीपर्यंत येणारी, मऊ नेटची, जुन्या पद्धतीची. तिला ताठपणा नकोच असतो. "मग ती उलटी का टांगलीत?" मावशी जरा ओशाळल्या. "सगळे उलटे होते म्हणून हेही उलटे." नऊ लांब झगे दांड्यावर टाकले गेले. तिसरी जात घंटेची. रिंग नाही, पण घेर आखूड आणि खाली झुकलेला. चार होत्या. त्यांना आतून आधार लागतो. काकू खाली जाऊन रंगाच्या दुकानातून चार रिकामे कोरडे डबे घेऊन आल्या. जिनामास्तरांनी प्रत्येक डबा हुंगला, एक परत पाठवला, आणि मग पालथ्या डब्यांवर घंटा उभ्या राहिल्या. उरले दोन अगदी आखूड, पिसासारखे फुललेले. "हे पफ. हे कुठेच नीट राहत नाहीत," मावशी म्हणाल्या. मग ते दोन छोट्या मुलींना आत्ताच घालून टाकले, आणि बसायचं नाही अशी ताकीद दिली.

बाई हे सगळं दारातून बघत होत्या. मावशींनी त्यांना कानात काय सांगितलं कुणास ठाऊक. शेवटची दोरी सोडताना त्या स्वतः स्टुलावर चढल्या.

"या लांब झग्यांची एक गोष्ट आम्हाला शिकवताना सांगायचे," त्या दोरी गुंडाळत म्हणाल्या. "पूर्वी रंगमंचावर गॅसचे दिवे असायचे. झगा पेटू नये म्हणून कापड औषधात बुडवायची सोय होती. पण त्याने नेट पिवळट आणि कडक व्हायचं, म्हणून पोरी नको म्हणायच्या. काही जळल्या. मी ही गोष्ट दरवर्षी नव्या बॅचला सांगते. आणि जिन्यात झगे मीच टांगलेत." त्यांनी गुंडाळलेली दोरी मावशींकडे टाकली. "तो आरशाचा चौथा तुकडा मी काढते काका. आज नाही जमायचं, पण काढते. अर्ध्या दिसल्या तर दिसू देत."

खाली दुकानदाराकडेही जिनामास्तर गेले. तो आधी हुज्जत घालायला लागला, पण त्याची स्वतःची मुलगी वर नाचणार होती. तिची आठवण करून दिल्यावर त्याने मुकाट्याने सगळ्या डब्यांची झाकणं ठोकून बसवली, आणि भिंतीवरचा आपल्या दुकानातला सिलिंडर काढून वर पाठवला. त्याचा काटा हिरव्यावर होता.

साडेतीनला माणसं चढू लागली. जिनामास्तर पहिल्या वळणावर उभे राहिले, भिंतीला पाठ लावून. काकू वरून वाकून म्हणाल्या, "मधली खुर्ची धरून ठेवलीय. येताय?"

"तू बघ," ते म्हणाले.

काकूंनी आग्रह केला नाही.

संगीत सुरू झालं. जिनामास्तरांना दिसत काहीच नव्हतं, नुसती पावलं ऐकू येत होती. बॅलेच्या पावलांचा आवाज होत नसेल अशी त्यांची समजूत होती. होतो. फळ्यांवर टपटप होतो, उडी मारून उतरल्यावर धप्प होतो. प्रत्येक धपक्याला त्यांचं लक्ष वायरींकडे, दिव्यांकडे, वासाकडे जात होतं. बस तिनालाच सुटली असेल. आपण इथे कशाला उभे आहोत, हे नातीला पुढे कधी सांगायची वेळ आली तर काय सांगणार, असंही मनात येऊन गेलं.

आणि एकदम संगीत तुटलं. पावलं थांबली. वर अंधार पडल्यासारखी शांतता झाली, आणि पाठोपाठ सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्याचा आवाज आला. आली, सगळी आता इकडेच येणार. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला, तोंड उघडलं, सावकाश, एकेक करून, असं ओरडणार तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. लोक उठून उभे राहून टाळ्या वाजवत होते. कार्यक्रम संपला होता.

बाईंची यादी त्यांनी दुपारीच मागून पाहिली होती, ती त्यांना पाठ होती. एकतीस मुली. आधी आईबाप उतरले, मग मुली, कपड्यांसकट, आयांना दाखवायला धावत. जिनामास्तर ओठ हलवत मोजत होते. सात. बारा. लांब झगेवाल्या नऊजणी घेर उचलून आल्या. एकवीस. सव्वीस. तीस.

जिना रिकामा झाला. ते थांबले. कुणी येईना.

तीस. एक कमी. चुकलो असेन, असं म्हणायला मन तयार होईना. एकोणीस वर्षांपूर्वीही कुणीतरी रस्त्यावर उभं राहून असंच मोजलं असणार. जिनामास्तर चढू लागले. गुडघ्यातून कळ गेली. ते कठडा धरून स्वतःला ओढत, एकावेळी दोन पायऱ्या, चढत गेले.

हॉलच्या अरुंद दारात एक सात-आठ वर्षांची मुलगी अडकून उभी होती. अंगात मोठ्या मुलीची ताटली घातलेली, आणि ताटली दारापेक्षा रुंद. ती समोरून ढकलत होती आणि रिंग चौकटीला अडत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती आवाज करत नव्हती.

"सरळ नको," जिनामास्तर धापा टाकत म्हणाले. "आडवी हो. खेकड्यासारखी. हां. एक कड खाली दाब. ये."

ती आडवी झाली. घेर वाकला, चौकटीतून सुटला आणि पुन्हा ताठ झाला. त्यांच्या अंगावरून नेट घासत ती टपटप खाली पळाली.

"एकतीस," जिनामास्तर मोठ्याने म्हणाले.

गर्दीबरोबर खाली गेलेल्या काकू परत वळणापर्यंत आल्या होत्या. त्या वर आल्या आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या. जिन्यात बसू नये, हे त्यांना गेली एकोणीस वर्षं रोज ऐकावं लागलं होतं.

"लग्नानंतर कितीतरी वर्षं आपण मधल्या खुर्च्यांवर बसायचो," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, वय झालं म्हणून घाबरायला लागलात." मग त्यांनी विचारलं, "त्या तिघींची नावं माहीत आहेत तुम्हाला?"

"आहेत."

"सांगा मला."

जिनामास्तर त्यांच्या खालच्याच पायरीवर, कठड्याला लागून बसले. दुखरा पाय पोटाशी घेऊन, भिंतीकडून एक माणूस सहज जाईल एवढी वाट मोकळी ठेवून. मग त्यांनी एकेक करून तिन्ही नावं सांगितली.